आकडा

पाचपावलीत मीटर घराच्या आत असायचा,
देवांच्या शेजारी, नाहीतर चपलांच्या फळीवर.
कंपनी आली आणि पहिलं काम तिनं हे केलं:
मीटर बाहेर आणला,
रस्त्याकडे तोंड करून भिंतीवर ठोकला.
कोणाच्या घरात किती जळतं
ते आता पानठेल्यावरूनही वाचता यायचं.

मी सव्वीस वर्षांचा. आयटीआय. निळा शर्ट,
खिशावर कंपनीचं नाव, गळ्यात यंत्र,
दिवसाला दोनशे दहा आकडे.

आकडा म्हणजे दोन गोष्टी.
एक, मी टिपून आणतो तो.
दुसरा, वायरच्या टोकाला वाकवलेला,
अंधार पडला की बांबूवरून वर जाऊन
तारेला झोंबतो तो.
पहिला वाढवायचा होता, दुसरा काढायचा.
साहेबांनी फळ्यावर लिहिलं : गळती.
आम्ही माना डोलावल्या.

बाबा बोर्डात लाइनमन, बत्तीस वर्षं.
डाव्या हाताला अंगठा आणि दोन बोटं,
बाकीची हंसापुरीच्या डीपीत राहिली.
माझा शर्ट दोरीवर वाळत असला
की ते खालून वाकून जात, अंगाला लागू न देता.
"कोराडीत कोळसा जाळते सरकार,
राख पडते आपल्या वाळवणावर,
अन् हे मधातले कोन, बाप्पा?"
मी म्हणायचो, फोन केला की पाऊण तासात माणूस येतो आता.
तुमच्या बोर्डात तीन दिवस लागायचे.
ते गप्प बसायचे.
तीन दिवसांनी येणारा माणूस तेच असायचे.

निखारेबाईंकडे कूलर एक, पंखे दोन,
माग विकून झालेला.
बिल सहा हजार चारशे.
"तुह्या मशीनले ऊन लागलं का रे?"
मी म्हटलं, तक्रार ऑनलाइन करा.
म्हटलं खरं. मग पाणी मागितलं,
तर त्यांनी माठातलं दिलं, वाळ्याचं.

मे महिना, पहाटेचे चार, हातात यादी.
आम्ही आकडे ओढत गेलो
आणि एकेक कूलर थांबत गेला.
तेव्हा गल्ली ऐकू यायला लागली :
कोणाचा खोकला, पाळण्याची कडी,
उशी पालटणं,
आणि मग शिव्या, सावकाश, छपरांवरून.

निखारेबाईंच्या खांबावरचा आकडा हातात आला
आणि मी टॉर्च जवळ नेला.
तांब्याला तीन पीळ, टोक मागे वळवलेलं,
वर सुती पट्टी, तिच्यावर टेप.
पूर्ण पंजाचा माणूस असा पीळ देत नाही.
त्याला गरज पडत नाही.

त्या गल्लीत तसे आठ होते.
आमच्या घराला एकही नाही.
आमचं बिल बाबा स्वतः भरत,
खिडकीवर रांग लावून, सुट्टे पैसे मोजून,
आणि पावतीवरचा शिक्का
उजेडात धरून बघत.

कागदावर मी लिहिलं : जप्त आकडे सात.

आठवा सकाळी त्यांच्या चहाजवळ ठेवला.
त्यांनी चष्मा लावला. उलटापालटा केला.
"टेप निघून राहिली," म्हणाले,
"आजकाल टेपच बेकार येऊन राहिली."
आणि बशीत चहा ओतला.
मी तसाच कामावर गेलो.

काही वर्षांनी, एका सोमवारी, कंपनी गेली.
थकबाकी, असं म्हणाले.
कोणाची कोणाकडे ते आम्हाला नीट कळलं नाही,
दोन महिन्यांचा पगार मात्र त्यातच होता.
खिशावरचं नाव आईनं ब्लेडनं उसवलं,
खाली कापड कोरं निघालं,
पहिल्या दिवसाइतकं निळं.

पुढच्या महिन्यात बिल आलं.
वर जुनं नाव परत, खाली आकडा तोच.
बाबा रांगेत उभे राहायला निघाले,
मी म्हटलं, मोबाइलवरून भरतो,
तर ऐकलंच नाही.

आठवा अजून घरात आहे,
मोरीजवळच्या खिळ्यावर.
आई त्याला दुधाची धुतलेली पिशवी अडकवते.